‘सगळे मंजूर’चं बटण

आमच्या ऑफिसात नवीन पोरगा किंवा पोरगी कामाला लागली की पहिला आठवडा मी त्यांना कंप्युटरला हात लावू देत नसे. गिऱ्हाइकाच्या ऑफिसात जायचं, शिपायाच्या शेजारी स्टूल टाकून बसायचं आणि तो कुठली फाइल कुणाच्या टेबलावर नेतो ते बघायचं. पोरं वैतागायची. एकाच्या वडिलांनी तर मला फोनच केला. "मॅडम, पोरगं सॉफ्टवेअर शिकायला लागलंय का चहा द्यायला?" मी म्हटलं, "त्या ऑफिसात पहिला चहा कुणाला जातो, ते आधी शिकू दे. सॉफ्टवेअर त्यानंतर."

माझा धंदा कागदाला वाट दाखवण्याचा. एखाद्या संस्थेत रजेचा अर्ज, खरेदीची मागणी, गाडीचा गेटपास असं काहीही निघालं की ते आधी कुणाकडं जायचं, त्यानं हो म्हटलं तर पुढं कुणाकडं, नाही म्हटलं तर मागं कुणाकडं, आणि कुणी काहीच म्हटलं नाही तर काय करायचं, हे सगळं कंप्युटरला शिकवून ठेवायचं. पुण्या-मुंबईकडं याला ‘बिझनेस प्रोसेस मॅनेजमेंट’ असं भारदस्त नाव होतं. मी राजारामपुरीत दोन खोल्या घेऊन काम सुरू केलं तेव्हा कोल्हापुरात ते नाव घेतलं की समोरचा माणूस आधी पाणी विचारायचा. मग मी नाव सोडून दिलं आणि "तुमची फाइल कुठं अडकलीय ते सांगणारं मशीन" असं सांगायला लागले. ते लगेच पटायचं, कारण प्रत्येकाची एक तरी फाइल कुठं ना कुठं अडकलेली असायचीच.

एका सूतगिरणीत दोन अधिकारी एकमेकांशी बोलत नव्हते. गावच्या निवडणुकीवरून फाटलेलं. एका बेअरिंगची मागणी पहिल्यानं मंजूर करून पुढं पाठवायची, दुसऱ्यानं "खुलासा करावा" लिहून मागं धाडायची, पहिल्यानं "खुलासा केला आहे" एवढंच लिहून परत पुढं. कागद असता तर एव्हाना फाटला तरी असता. आमचं सॉफ्टवेअर इमानी. ते बिचारं ती मागणी इकडून तिकडं वाहत राहिलं आणि मशीन बंद ते बंद. तेव्हापासून मी नियमच केला: एखादं काम तेच तेच दोघांत फिरायला लागलं की तिसऱ्याला आपोआप निरोप गेला पाहिजे, "ह्या दोघांना एका खोलीत बसवा."

हा धडा हसण्यावारी गेला. दूध संघातला गेला नाही, आणि तोच सांगायला मी बसले आहे.

संघाचं नाव सांगत नाही. कोल्हापूरपासून जवळच, मध्यम आकाराचा, गावोगावचं दूध गोळा करून थंड करणारा. तिथून टँकर कराडजवळच्या त्यांच्या पॅकिंग केंद्रावर जायचा आणि पिशव्यांतून संध्याकाळपर्यंत घरोघरी पोचायचा. दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. एवढं मोठं काम मला पहिल्यांदाच मिळालेलं. टँकर धुतला, भरला, नमुना प्रयोगशाळेत गेला, केमिस्टनं मंजूर म्हटलं, की मगच गेटपास छापायचा, अशी साधी साखळी मी बांधली होती.

जनरल मॅनेजर होते इनामदारसाहेब. उंच, तापट, सहीचा फराटा असा की कागद दचकावा. कंप्युटर आल्यावर त्यांच्याकडं रोज शेकड्यानं मंजुऱ्या यायला लागल्या. रजा, डिझेल, सुटे भाग, गाड्या. आठ दिवसांत त्यांनी मला बोलावून घेतलं.

"मॅडम, एक बटण करा. ‘सगळे मंजूर’. एकदा दाबलं की सगळी यादी साफ."

"साहेब, मग तुम्ही बघणार कधी?"

"खालच्यांनी बघितलंय न्हवं? त्यास्नी पगार कशाचा देतोय? मी परत काय बघू?"

"मग तुमच्या मंजुरीला अर्थ काय राहिला?"

"माझी मंजुरी म्हंजे शेवटचा शिक्का. शिक्का वाचत न्हाय, नुसता बसतो," असं म्हणून ते स्वतःच मोठ्यानं हसले. मी अजून दोन-तीनदा अडवून बघितलं. शेवटी त्यांनी हसू आवरून सांगितलं, "बटण न्हाय, तर सॉफ्टवेअर न्हाय." बटण झालं.

दुसरी गोष्ट वेळेची. केमिस्ट जागेवर नसला म्हणून टँकर उन्हात उभा राहायला नको, अशी संघाची मागणी होती. रास्तच होती. म्हणून ठरलेल्या वेळात प्रयोगशाळेनं काही कळवलं नाही की ते काम आपोआप वर, जनरल मॅनेजरकडं सरकायचं. हेतू असा, की साहेब फोन उचलून विचारतील, बाबा का अडलंय? सुट्टीच्या दिवशी हे घड्याळ चालू नये म्हणून मी सुट्ट्यांची यादी मागून घेतली आणि ती कंप्युटरला पाठ करवली. रविवार, दिवाळी, शिमगा, सगळं होतं. अमावस्या नव्हती, कारण अमावस्येला सुट्टी नसते.

सुट्टी नसते, पण आपल्याकडं अमावस्येला नारळ फुटल्याशिवाय मशीनला हात लावत नाहीत. संघात फोरमन तात्या नारळाची पाटी घेऊन आधी बॉयलरवर जायचे, मग कॉम्प्रेसरवर, मग भरणीच्या पंपावर, मग प्रयोगशाळेत, आणि सगळ्यात शेवटी मी ठेवलेल्या कंप्युटरवर. ज्या खोलीत नारळ फुटायचा ती खोली चालू व्हायची. प्रयोगशाळेचे मुख्य केमिस्ट मुजावर. शांत, सडपातळ, आवाज कधी चढला नाही असा माणूस. प्रयोगशाळेचा नारळ ते स्वतः मंडईतून वाजवून, घासाघीस करून आणायचे आणि तात्यांची वाट बघत टेबलाशी बसायचे.

त्या अमावस्येला मी काही दुरुस्तीसाठी संघात गेले होते. कंप्युटरची खोली प्रयोगशाळेला लागून. तात्यांना उशीर झाला होता, बॉयलरचं काहीतरी बिघडलं होतं. नमुन्याच्या बाटल्या टेबलावर ओळीनं थांबलेल्या, त्यांच्याशेजारी नारळ. मुजावर मला म्हणाले, "ताई, च्या घ्या तवर. आज आमचं देवाच्या हातात हाय."

मी चहा घेतला. घड्याळ चाललं होतं हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

तात्या आले, नारळ फुटला, खोबऱ्याचे तुकडे वाटले गेले. मुजावर कामाला लागले. थोड्या वेळानं ते माझ्या दारात उभे राहिले. हातात काचेची नळी. तपासणीचं औषध घातलेल्या दुधाचा रंग गुलाबी.

"ताई, कराडचा टँकर कंप्युटरवर लाल करा, नामंजूर. धुण्याचा सोडा हाय ह्यात. टाकीच्या तळाला तसाच ऱ्हायला असणार. मी दोनदा बघितलं."

टँकर धुताना कॉस्टिक सोडा वापरतात. हात भाजतो त्यानं. धुऊन झालं की साध्या पाण्यानं खळखळून काढायचा असतो. त्या दिवशी टाकीच्या मागच्या कप्प्यातलं पाणी निघालंच नव्हतं, हे नंतर कळलं. मी पडद्यावर टँकरचा नंबर शोधला. पडद्यावर लिहिलेलं होतं: मंजूर. गेटपास छापला. रवाना.

"मुजावरभाई, हा गेलाय."

"कसा जाईल? मी सोडलाच न्हाय की."

वेळ संपला म्हणून काम वर सरकलं होतं. वरती इनामदारसाहेबांच्या यादीत ते रजा आणि डिझेलच्या मध्ये जाऊन बसलं होतं. साहेबांच्या ऑफिसची इमारत वेगळी, तिथं नारळाची भानगड नाही. त्यांनी आल्या आल्या बटण दाबलं होतं. सगळे मंजूर.

मला एवढंच दिसत होतं की त्या पिशव्या संध्याकाळी कुणाच्या तरी घरी उकळणार, कुणाच्या तरी बाटलीत जाणार. कराडचं केंद्र आपल्याच संघाचं दूध म्हणून फॅट आणि आंबटपणा एवढंच बघायचं. सोडा कोण शोधणार?

आम्ही धावलो. टँकरवर कांबळे ड्रायव्हर होते. मोबाइल त्यांच्याकडं नव्हता, तेव्हा कुणाकडं होता! वाठारच्या ज्या हॉटेलात आमचे ड्रायव्हर चहाला थांबत तिथं गेटवरच्या फोनवरून विचारलं. मालक म्हणाला, "आवो, च्या पिऊन कवाच गेला की त्यो!" कुणी म्हणालं, अमावस्या आहे, गाडीला लिंबू बांधायला पुढच्या देवळापाशी थांबेल. मुजावरांनी मान हलवली. "कांबळे त्यातलं काय पाळत न्हाय. सरळ कराड गाठणार." एक जीप मागं पाठवली, पण ती पोचेल तोवर टँकर रिकामा झाला असता हे सगळ्यांनाच कळत होतं.

राहिला कराडच्या केंद्राचा फोन. लावला. एंगेज. परत लावला. एंगेज. मुजावर माझ्या शेजारी उभे राहून ती गुलाबी नळी तशीच धरून होते, जणू ठेवली तर आतलं खोटं ठरेल. पुन्हा एंगेज. "कोण बोलत बसलंय एवढा वेळ?" मी ओरडले.

आणि मग मला लख्ख आठवलं. कराडला फोनची लाइन एकच. त्याच लाइनवरून आमचा कंप्युटर त्यांच्या कंप्युटरला दिवसाच्या मंजुऱ्या पाठवतो. माझंच सॉफ्टवेअर त्या क्षणी तिथं बोलत होतं. "टँकर मंजूर आहे," हेच सांगत होतं.

मी खोलीत पळाले आणि मोडेमची वायर भिंतीतून उपटली. नीट बंद करायचं वगैरे शिकवणारी मी, पण तेव्हा भिंतीचा पोपडाही निघाला.

परत गेटवर येऊन फोन लावला. या वेळी घंटी वाजली. केंद्रप्रमुख मोहित्यांनी उचलला. टँकर आत आला होता. मी एका दमात सांगितलं: पंप चालू करू नका, दूध खराब आहे.

"तुम्ही कोण बोलतासा?"

"मी सॉफ्टवेअरची मॅडम."

"मॅडम, कंप्युटरवर मंजूर हाय. आत्ताच आलंय. जनरल मॅनेजरसाहेबांची मंजुरी हाय खाली. पाइप जोडलीया आम्ही. तुमच्या फोनवर मी टँकर थांबवला आन् उद्या मला इचारलं तर?"

त्यांचं काय चुकलं? वर्षभर मीच त्यांना बजावत होते की तोंडी काही चालणार नाही, कंप्युटरवर असेल तेच खरं. मुजावर फोनवर बोलले. मोहिते त्यांना मानत, तरी म्हणाले, "भाई, साहेबांच्या वर मी कसा जाऊ? साहेबास्नी द्या फोन."

फोन चालू ठेवून मी साहेबांच्या केबिनकडं धावले. तिथं गेटच्याच लाइनचा दुसरा फोन होता. साहेबांपुढं दोन संचालक बसलेले. मी सांगितलं. साहेबांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग संचालकांकडं. मला कळलं की त्यांना काय जड जात होतं. टँकर थांबवायचा म्हणजे एक अख्खा टँकर गटारात, आणि त्यावर मंजुरी त्यांची.

"नमुना परत तपासा," ते म्हणाले. "खात्री करूनच..."

"मुजावरांनी दोनदा तपासलाय साहेब. कराडला पाइप जोडलेली आहे."

एक संचालक पुटपुटले, "कंप्युटरनं घोळ घातला असणार."

खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती, टँकरची आणि माझ्या दोन खोल्यांचीही. ते वाक्य एकदा गावात फिरलं असतं तर माझ्या ऑफिसला कुलूपच लागलं असतं.

साहेबांनी फोन उचलला.

"मोहिते, दूध सोडू नका. टँकर माघारी धाडा."

पलीकडचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होता. "पण साहेब, तुमचीच मंजुरी हाय की."

साहेबांनी संचालकांच्या समोरच सांगितलं,

"व्हय, माझीच हाय. मी बघितलं न्हवतं. न बघता दाबलंय. पाइप काढा."

पलीकडं मोहिते कुणाला तरी ओरडले, पाइप काढल्याचा आवाज आला, मग ते म्हणाले, "काढली साहेब. पंपाच्या बटणावर हातच होता पोराचा."

मी खुर्ची शोधून बसले. दारात मुजावर येऊन उभे राहिले होते, नळी अजून हातात. साहेब त्यांना म्हणाले, "ठेवा आता ती खाली."

टँकर आला. दूध सांडपाण्याच्या टाकीत सोडलं. कांबळे ड्रायव्हर सगळ्यांवर भडकले होते. "मला रस्त्यावर कुणीतरी आडवायचं न्हाय व्हय? मी काय बॉम्ब घिऊन चाललोय आन् मला ठावं न्हाय!" त्यांचं बरोबर होतं. वाटेतल्या माणसाला थांबवायची सोय माझ्या साखळीत कुठंच नव्हती. मी फक्त पुढं जायचे रस्ते काढले होते.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं. काम सुटणार, हिशेब चुकता करून घ्यायचा, या तयारीनं मी गेले. ते म्हणाले, "ते ‘सगळे मंजूर’ काढा." मी हो म्हटलं. मग त्यांनी पडदा माझ्याकडं वळवला.

"मॅडम, एक सांगा. तुमच्या ह्या डब्यात बटणं दोनच. मंजूर, नामंजूर. मला जर एखादं काम कळलंच न्हाय, बघायला वेळच झाला न्हाय, तर मी काय दाबायचं? ‘मी बघितलं न्हाय’ असं बटण कुठं हाय?"

इतकी वर्षं मी हे काम करत होते आणि हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. दोनच दारं ठेवली की माणूस जे उघडं दिसेल त्यातून जातो. मी तिसरं बटण केलं: ‘अजून बघितलं नाही’. ते दाबलं की काम जिथून आलं तिथं परत जायचं आणि गाडी हलायची नाही. वेळ संपून वर आलेल्या कामाला तर ‘मंजूर’ हे बटणच ठेवलं नाही. कॅलेंडरात बारा महिन्यांच्या अमावस्या भरल्या. मुजावरांनी पंचांग आणून दिलं आणि स्वतः शेजारी बसून एकेक तपासली. तेव्हापासून नव्या पोरांना मी सांगते, सुट्ट्यांची यादी मागू नका. तुमचं काम कधी कधी थांबतं आणि का थांबतं, ते विचारा.

बटण केलं तरी पहिले काही दिवस कुणी दाबेना. मी बघितलं नाही, हे लिहून द्यायला कुणाला आवडतं? मग एका सकाळी डिझेलच्या एका मागणीवर ते पहिल्यांदा दाबलेलं दिसलं. नाव इनामदार. दुपारपर्यंत भांडारातल्या दोघांनी दाबलं. आठवड्यात सगळे दाबायला लागले. मी त्या धंद्यात बरंच काही बांधलं, पण अभिमान विचाराल तर त्या एका बटणाचा.

ते बटण आता नाही. पुढं संघ मोठा झाला, पुण्याच्या एका कंपनीचं मोठं सॉफ्टवेअर आलं. पडदा देखणा आहे. त्यांच्या माणसाला मी तिसऱ्या बटणाबद्दल सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, निर्णय हा निर्णय असतो. हो किंवा नाही." मी जास्त वाद घातला नाही. घालायला हवा होता, असं अजून वाटतं.

इनामदारसाहेब निवृत्त झाले. बऱ्याच दिवसांनी गंगावेशीत दिसले. तिथं कट्ट्यावर म्हशी आणून उभ्या करतात आणि गिऱ्हाइकाच्या समोर धार काढून ग्लास हातात देतात. साहेब टोपी घालून एका म्हशीपाशी उभे होते. मी हसत म्हटलं, "साहेब, आयुष्यभर पिशवीचं दूध विकलंत आणि आता कट्ट्यावर?"

त्यांनी माझ्याकडं वळून आधी विचारलं, "आपलं ते बटण हाय न्हवं अजून?"

खोटं बोलायचं माझ्या जिवावर आलं. "काढलं साहेब. नवीन सॉफ्टवेअरमध्ये दोनच आहेत."

गवळ्यानं ग्लास पुढं केला, पण त्यांनी तो घेतला नाही. माझ्याशी बोलताना त्यांची पाठ क्षणभर म्हशीकडं वळली होती ना, तेवढ्यात धार काढून झाली होती.

"ह्यो दुसऱ्याला दे," ते गवळ्याला म्हणाले. "माझ्या म्होरं काढ. मी बघितलं न्हाय."